तुझ्या बोटांतलं माझं नाव

आये, तुला ऐकू येत नव्हतं, अक्षरओळखही नव्हती, तरी तुलाच लिहायला बसले आहे. आज बाजारात एका बाईच्या लुगड्याला हात लागला आणि माझी बोटं त्यात गाठ शोधू लागली. ही खोड म्हातारपणीही जात नाही.

वैराग गाव सोडून आपण सोलापूरला विणकरांच्या गल्लीत राहायला आलो. मिलच्या भोंग्याने भिंत थरथरली की तुला कळायचं, मग तू मला उठवायचीस. माझं नाव तुझ्या तोंडून कधी आलंच नाही. अंगठा आणि बोटात सूत वळल्यासारखं करून तू हनुवटीला टेकवायचीस, ती मी. लहानपणी मी सूत तोंडात घालायची ना, म्हणून. नव्या साडीचं सूत गल्लीभर ताणून त्याला खळ लावायची असली की शेजारचे काका आदल्या दिवशीच बजावून जायचे, मुकीचं तोंड सकाळी दिसायला नको. बा खाली मान घालून तुला आत बसवायचा.

अशाच एका सकाळी तू उंबऱ्यात येऊन उभी राहिलीस आणि तेवढ्यात सूत तुटलं. वाऱ्याने तुटतंच ते. काका म्हणाले, "मुकीची नजर लागली. तरी सांगितलं व्हतं." सगळी गल्ली तुझ्यावर ओरडतेय आणि तू, काही न ऐकता, धावत जाऊन तुटलेली टोकं सांधायला बसतेस. तुटलेलं दिसलं की सांधायचं, एवढंच तुला ठाऊक. काकांनी दांडकं तुझ्या हातांवर घातलं, मग इतरांनीही. गाठ बसेपर्यंत तू हात काढला नाहीस. आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. बा घरी एवढंच म्हणाला, "आपुन परगावची मानसं. हितं कुनाला काय म्हनायचं?" तुझ्या गाठीसकट ती साडी विणून झाली, विकलीही गेली.

बोटं वाकडीच राहिली. भूक, पाणी, ये, जा, हे तू डोळ्यांनी सांगू लागलीस. माझं नाव मात्र डोळ्यांत मावणारं नव्हतं. तू हात उचलायचीस आणि परत पदराखाली घ्यायचीस. तू गेलीस तेव्हाही हात पदराखालीच होता.

हा कागद चुलीतच जाईल. एक तेवढं सांगते. घरात कोणी नसलं की मी आरशापुढे उभी राहते, बोटांत सूत वळते, हनुवटीला टेकवते आणि ओ देते.