तुमच्या जागी

४ ऑक्टोबर. सकाळ.
आजपासून शिस्त. लवकर उठणे, रोज चार ओळी लिहिणे, बोरसोक बंद. (तळलेल्या कणकेचे तुकडे. पोट सुटतंय.)
धंद्याला वेग द्यायचा. 'तुमच्या जागी' हे नाव माझंच, कल्पनाही माझीच. आमचं अर्धं नारीन शहर मॉस्कोत बर्फ उपसतंय आणि म्हाताऱ्या आया इथे खिडकीला नाक लावून बसल्यात. पोरांना यायला जमत नाही. मग त्यांच्या जागी मी जातो, चहा पितो, तब्येत विचारतो. काचकिन गाडी चालवतो आणि व्हिडिओ काढतो. संध्याकाळी तो व्हिडिओ मॉस्कोत पोचतो. सांस्कृतिक भवनात आयुष्य काढलेल्या माणसालाच हे सुचू शकतं.

५ ऑक्टोबर.
जाहिरातीचा मजकूर तयार. पॅकेजं तीन.
साधी भेट.
जेवणासकट भेट: आईने तुमच्यासाठी रांधलेलं तुमच्या वतीने खाल्लं जाईल.
शोक: 'वडील गेले आणि तुम्ही परदेशी? शोकाच्या तंबूच्या दाराशी मुलाची जागा रिकामी दिसली तर गाव काय म्हणेल? आमचा अनुभवी माणूस कमरेला पट्टा बांधून, काठीवर वाकून, येणाऱ्या प्रत्येकासमोर मोठ्याने रडेल. काठी आमची.'
'काठी आमची' वाचून काचकिन हसला. त्याला जाहिरातीतलं कळत नाही. चाळिशी गाठली तरी ड्रायव्हरच राहिला.

८ ऑक्टोबर.
बायकोचा, आनाराचा फोन. मॉस्कोत हॉस्पिटलच्या फरशा पुसून दमते, त्यामुळे जरा चिडचिडी झालीय. आमचा मुलगा एर्लानही आता तिकडेच, तिच्याजवळ. विचारलं, वरच्या गावाला सासूबाईंकडे जाऊन आलात का. म्हटलं, या आठवड्यात नक्की. म्हणाली, उन्हाळ्यातही हेच म्हणाला होतात.
आता तिला काय समजवायचं? त्या रस्त्यावर माझा एकही ग्राहक नाही. पेट्रोल जाळून रिकामं जायचं, याला धंदा म्हणत नाहीत. शिवाय आई ठणठणीत आहे. आजारी असती तर कळवलं असतं. तिचा फोन बिघडलाय हे खरं, पण कळवायचंच असेल तर माणूस मार्ग काढतो.

१४ ऑक्टोबर.
बातमा काकूंकडे जेवणासकट भेट. मटण, नूडल्स, वर जर्दाळूचा मुरांबा. मुलाच्या वतीने दोनदा वाढून घेतलं. जाताना त्यांनी माझे गाल कुरवाळले आणि मला मुलाच्या नावाने हाक मारली. काचकिनने ते नेमकं टिपलं. मुलाने मॉस्कोहून रडण्याची चित्रं पाठवली. सर्व्हिस म्हणतात ती ही.
बोरसोक खाल्ले, पण ते माझ्या खात्यात धरत नाही. ते मुलाने खाल्ले.

१९ ऑक्टोबर.
परतताना फाट्यावर काचकिनने गाडी हळू केली. म्हणाला, "दादा, इथून वळलं की तुमच्या आईचं घर. चहाच पिऊन येऊ."
मी त्याला नीट समजावलं. भावनेच्या आहारी गेलेल्या माणसाने टॅक्सी चालवावी, ब्रँड चालवू नये. मला घराशी सोडून तो चहाला न थांबता निघून गेला. अहंकार.

२३ ऑक्टोबर.
काचकिनला काढून टाकलं.
(दुपारी त्यानेच काम सोडलं. पण मी काढणारच होतो.)

३ नोव्हेंबर.
हसावं की रडावं. काचकिनने स्वतःचा धंदा काढला. नाव 'येतोच'. ना पॅकेज, ना घोषवाक्य. म्हाताऱ्यांची लाकडं फोडतो, कोळसा आणून टाकतो, धुराडी साफ करतो, त्यांना डॉक्टरकडे नेतो. व्हिडिओ काढतो तोही हलता, तिरपा. याला मार्केटिंग म्हणत नाहीत, हमाली म्हणतात. वसंतापर्यंत टिकला तर नाव बदलीन. त्याचं.

१० नोव्हेंबर.
आईकडे जाऊन आलो! (आनाराने नोंद घ्यावी.) तिच्या गल्लीत एक संभाव्य ग्राहक निघाला, म्हणून दोन्ही कामं एकदम झाली.
आई जरा वाळलीय, पण त्या वयात वजन कमी असलेलं बरं. थोडा खोकला. अंगणात कोळसा रचलेला, खिडक्यांना नवं प्लास्टिक, धुराडं साफ. ग्रामसभेने केलं असणार. सरकारला नावं ठेवणाऱ्यांनी हे बघावं. आईला विचारलं, कोळसा कुणी आणला. म्हणाली, "एक मुलगा येतो. आनाराशी बोलायला फोन देतो." म्हातारपणी असे भास होतात.
आलोच आहे तर म्हटलं तिला जाहिरातीत घ्यावं. चेहरा उत्तम. खोकल्यामुळे बरेच रिटेक झाले. वाक्य सोपं दिलं होतं: माझा मुलगा लांब असला तरी जवळ आहे. आई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लांब कुठे आहेस रे? नारीनला तर राहतोस."
ते एडिटमध्ये काढलं.

१२ नोव्हेंबर.
व्हिडिओ मॉस्कोतल्या आपल्या लोकांच्या सगळ्या ग्रुपवर टाकला. कौतुकाचा पाऊस. आनाराने मात्र एवढंच लिहिलं: खोकला कधीपासून आहे?
उद्या सविस्तर उत्तर देईन.

१६ नोव्हेंबर.
उत्तर राहिलं. कामाचा रेटा.

२३ नोव्हेंबर. दुपार.
मोठी बातमी. घाटापलीकडच्या गावात म्हातारे चोनमुरून वारले. त्यांचा मुलगा मॉस्कोत ठेकेदार, आपली कितीतरी पोरं त्याच्या हाताखाली. त्याने शोकाचं पॅकेज घेतलं. पूर्ण, दफनापर्यंत. हा एक ग्राहक नाही, हे मार्केट आहे. ही ऑर्डर नीट पार पडली की आनाराला बोलावून घेणार. ऑफिस सांभाळेल. एर्लानला कॅमेरा.
तेवढ्यात तिचाच फोन. आईचा खोकला वाढलाय, ताप आहे, आजच्या आज जा. (हिला मॉस्कोत बसून कसं कळतं कोण जाणे.) मी शांतपणे सांगितलं की हे काम झालं की थेट आईकडे, सोबत डॉक्टर घेऊन. मग म्हणाली, "तुम्हाला जमणार नसेल तर तसं सांगा. मी माणूस बघते."
म्हटलं, बघ. तिने फोन ठेवला. भांडली नाही. समजूतदार बाई.

२५ नोव्हेंबर. घाटापलीकडे.
आयुष्यातलं सर्वोत्तम रडलो. सकाळपासून पट्टा, काठी, दाराशी. गल्लीच्या टोकाला पाहुण्यांचा हंबरडा ऐकू आला की इकडून माझा. आत शोकगीत म्हणणाऱ्या बायका थांबून ऐकायला लागल्या. एका म्हाताऱ्याने मला मिठी मारून विचारलं, तू थोरला का धाकटा. मेंढीचा मुलाच्या मानाचा वाटा मलाच दिला.
फोन बंद ठेवलाय. मागच्या वेळी ऐन रडण्यात वाजला होता आणि ग्राहकाने सूट मागितली. शूटिंगसाठी इथलाच माणूस घेतलाय.

२६ नोव्हेंबर.
दफन झालं. निघणार होतो, पण बर्फाने घाट बंद. वाईटात चांगलं बघावं. जेवायला थांबलेल्या लोकांना कार्डं वाटली. कुणी लगेच घेतं, कुणी आधी हात पुसतं.
इथून आनाराला फोन करणार होतो, पण ती फक्त तक्रारी करील आणि कामाचा उत्साह जाईल.

२७ नोव्हेंबर.
घाट बंदच. बोरसोक फार चांगले करतात इथे.

२८ नोव्हेंबर. सकाळ, गाडीत.
घाट उघडला. फोन सुरू केला. आनाराचे कॉल, एर्लानचे कॉल, शेजाऱ्यांचे. वाटलं, व्हिडिओ गाजला.
सगळ्यात वर आनाराचा मेसेज. आई परवा पहाटे गेल्या. आज दुपारी मातीला नेतील. तुमची वाट पाहिली. दाराशी कुणीतरी हवं, म्हणून काचकिनला सांगितलंय.
नव्या ड्रायव्हरला म्हटलं, वेग वाढव. तो म्हणाला, काका, बर्फ आहे.

२८ नोव्हेंबर. संध्याकाळ.
आईच्या अंगणात करडा तंबू. दाराशी काचकिन, कमरेला पट्टा, हातात काठी. जवळच्या खुंटीला त्याने फोन बांधलेला. त्यात आनारा आणि एर्लान, हॉस्पिटलच्या कपड्यांत, कुठल्यातरी जिन्याखाली बसलेली.
गल्लीच्या टोकापासून रीतीप्रमाणे हंबरडा फोडत यायला हवं होतं. तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. कालपर्यंत उत्तम होता. घाटातली हवा बाधली असणार.
तसाच चालत गेलो. काचकिनने येणाऱ्या प्रत्येकाला मारतो तशी मला मिठी मारली. तो खरंच रडत होता, खांदा ओला झाला. मग त्याने मला ओळखलं. एक पाऊल मागे सरकला, पट्ट्याची गाठ सोडायला लागला आणि काठी पुढे करून हळूच म्हणाला, "घ्या दादा. ही तुमची जागा."
मी हात पुढे केला होता.
फोनमधून आनाराचा आवाज आला. चढलेला नव्हता. "काचकिन, तू हलू नकोस. त्यांना आत बसायला सांग, लांबून आलेत."
अंगणातले सगळे जमिनीकडे बघत होते. माझ्या मागे पुढचे पाहुणे येऊन उभे राहिले, त्यांना जागा द्यावी लागली.
मातीला गेलो. गर्दीत होतो. परतल्यावर वाढलं. पाहुण्यांना आठवण म्हणून कापडाचा तुकडा देतात, तो मलाही मिळाला. एका शेजारणीने हातात ठेवला आणि चेहरा न बघता पुढे गेली. मेंढीचा मुलाचा वाटा काचकिनच्या पुढ्यात होता. त्याने त्याला हात लावला नाही. मीही मागितला नाही.
काचकिन काठी डाव्या हातात धरतो. चूक आहे. मीच शिकवायला हवं होतं.
आनाराला मेसेज लिहिला, पाठवला नाही. ती आता ड्यूटीवर असेल.
आज बोरसोक खाल्ले नाहीत.