हँडल सरळ, गाडी डावीकडे

२ मार्च, सोमवार. सकाळी ७.
आमच्या लाँड्रीची कार्गो सायकल आठवडाभर डावीकडे ओढतेय. सरळ जायचं तर हँडल उजवीकडे वळवून धरावं लागतं. बायको म्हणाली, कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला दाखवून घ्या. मी घरात असताना? मधे पेटी, पेटीच्या पुढे चाक, मागे हँडल, आणि पेटीखालून दोघांना जोडणारा एक लांब रॉड. रॉडला दोन टोकं, दोन नट. चाक आणि हँडल एका ओळीत येईपर्यंत रॉड लांब-आखूड करायचा. बस्स. नर्सिंग होमचं नवीन काम मिळालंय, रोज चाळीस चादरी, आठाच्या आत. अशा वेळी सायकल जाणकार माणसाच्याच हातात हवी.
मिस्त्रीकडे न जाणं हा तत्त्वाचा प्रश्न आहे. मागे ब्रेक दाखवायला गेलो, तर त्याने चारचौघांत विचारलं, "हे कुणी उघडलं होतं?"

३ मार्च. दुपारी ४.
मागचा नट सुटला. पुढचा सुटेना. पान्यावर पाय देऊन उभा राहिलो. पाना निसटला, नडगी सोलली. नट गंजलेला. माझा दोष शून्य.

५ वाजता.
सासूबाई बाहेर आल्या. चष्मा पुसत म्हणाल्या, "जावईबापू, त्याला उलटे आटे असतील. तुम्ही सोडवत नाही आहात, आवळताय." जन्म गेला शाळेत शिवण शिकवण्यात, यांना यंत्रातलं काय कळणार? त्या आत गेल्यावर उलटा फिरवून पाहिला. सुटला. माझ्या आधीच्या मेहनतीने ढिला झाला असणार.

५ मार्च, गुरुवार.
रॉड बसवला. सायकल आता डावीकडे अजिबात ओढत नाही. उजवीकडे ओढते. प्रगती.
सासूबाईंना पेटीत बसवून डोळे तपासायला नेलं. पर्स मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या. वाटेत म्हणाल्या, "दवाखाना तर समोर दिसतोय हो, मग आपण वाण्याकडे का चाललोय?" म्हटलं, साबण घ्यायचाच होता. घेतला. येताना त्या चालत आल्या. चालणं तब्येतीला चांगलं, असं त्याच म्हणाल्या.

६ मार्च.
हँडल लटलटतंय. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे केली की खटखट. हँडलच्या मानेतलं बेअरिंग ढिलं. व्हिडिओ पाहिला, अर्धा. पुरेसा होता. आवळलं. खटखट राहिली, म्हणून आणखी आवळलं. आता हँडल म्हणजे नुसता दगड. इतकी मजबुती नवीन असतानाही नव्हती. बायको म्हणाली, "पण वळतं का?" नकारात्मक माणसांशी मी वाद घालत नाही.

७ मार्च, शनिवार. सकाळी ९.
शांतपणे लिहितो.
इस्त्रीच्या चाळीस चादरी घेऊन निघालो. कोपऱ्यापर्यंत उत्तम. कोपऱ्यावर रस्ता वळला, सायकल वळली नाही. थेट मिस्त्रीच्या दुकानात. पंक्चर बघायचा पाण्याचा टब वाटेतच. चाक टबाला अडलं, पेटी कलंडली, चादरी पाण्यात. वेग नव्हता, कुणाला लागलं नाही. मिस्त्रीने हँडल हलवून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. विचारलं काहीच नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी ६.
नर्सिंग होमच्या मेट्रनचा फोन. पेशंट कालच्याच चादरींवर झोपलेत. पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडे जाईल. बायकोने चाळीसच्या चाळीस पुन्हा धुतल्या, वाळवल्या, इस्त्री केल्या. तिची बोटं पाण्याने पांढरी पडून सुरकुतली होती. मी चहा करून दिला. साखर घालायची राहिली. तिने तो तसाच प्यायला.
आज कारणं लिहीत नाही.

९ मार्च, सोमवार.
मिस्त्रीने वीस मिनिटांत काम केलं. बेअरिंग सैल, रॉडला थोडा फेरा, सांध्यांना ग्रीस. बायकोने शेजारी स्टुलावर बसून सगळं समजून घेतलं, दर महिन्याला काय तपासायचं ते वहीत उतरवलं. मलाही शिकायचं होतं. पण मी जवळ गेलो की मिस्त्री पाना खिशात घालायचा. कलाकार माणसं असतात अशी विक्षिप्त.

११ मार्च, बुधवार. दुपारी ३.
चादरी आता बायकोच नेते. आठाला दहा कमी असताना पोचली, मेट्रन हसली म्हणे. दुपारी सासूबाई तिच्याबरोबर पेटीत बसून नवा चष्मा आणायला गेल्या. येतानाही बसूनच आल्या.
माझ्याकडे चादरींच्या घड्या घालायचं खातं आलंय. मी स्वतःच हे सुचवणार होतो. लोकांना वाटतं सोपं आहे. तास झाला, पहिल्याच चादरीचे चार कोपरे एकावर एक येत नाहीत. तीन येतात. नीट तपासलं. चूक माझी नाही, चादरच तिरकी शिवलेली आहे.
बायको आता कपडे पोचवायला गेलीय, ती यायच्या आत कात्री शोधतो.