पिवळ्या दिव्याची सावली

नेब्रास्का, ४ सप्टेंबर

चि. मिलाडा हिस अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक. मका सुकत आला, कोंबड्या माजल्या आहेत. पत्रास कारण आपला ग्रह, दोन सूर्यांभोवती फिरणारा. ऑक्टोबरात तो मोठ्या सूर्यासमोरून शेवटचा सरकेल आणि उजेड जरासा उतरेल. मग कक्षा कलत जाऊन आपल्या नजरेआड. तुझ्या वेधशाळेतले विद्वान काहीही म्हणोत; दुर्बिणीचा आरसा मी स्वतः घासला आहे, गणितही माझंच आहे. तू लहानपणी माझ्याशेजारी बसून हीच उतरण मोजायचीस आणि तिथल्या जमिनीवर आपल्या दोन सावल्या पडतील म्हणून नाचायचीस.

आई गेल्यापासून तू घरी आली नाहीस. या निमित्तानं ये. खसखशीची कोलाची, म्हणजे ते गोड बन, करायला शिकलो. पहिल्या दोन खेपा कोंबड्यांनीही नाकारल्या.

लोभ आहेच, तो वाढवायला मात्र यावं लागतं.

एमिल


अरिझोना, १९ सप्टेंबर

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तुमचं गणित चुकलंय. हे सांगताना वाईट वाटतंय (थोडंच). ग्रह आता सूर्याला चाटूनसुद्धा जाणार नाही. आणि जमीन कसली? शनीएवढा वायूचा गोळा तो. हायड्रोजन, हेलियम, वर बहुधा बर्फाचे ढग, थंडी उणे ऐंशीच्या आसपास. सूर्य एकमेकांभोवती फिरतात तशी ऊब कमीजास्त होते. तिथली हवा कुणी पाहिलेली नाही, सगळे अंदाज. शेजारचा सहकारी म्हणाला, तुझे बाबा हट्टी दिसतात. म्हटलं, तुला अर्धंच कळलंय.

पैज लावू. उतरण दिसली तर त्याच आठवड्यात येते. नाहीतर वसंतात बघू. खरं सांगू? तिकीट काढायला बसते आणि आईविना स्वयंपाकघर डोळ्यांसमोर येतं. मग हात थांबतो.

रागावू नका, आणि रागावलात तरी लिहा.

मिलाडा


नेब्रास्का, २३ ऑक्टोबर

चि. मिलाडा हिस अ. उ. आ.

सोबत आलेख जोडला आहे. रेघ सपाट आली. एक ठिपका खाली गेलाय, तो ढगाचा. तसं बाजूला लिहिलं आहे. ते लिहिलं नसतं तर तू आली असतीस. पेन बराच वेळ हातात होतं.

आता तो चोवीस वर्षांनी पुन्हा सूर्यासमोर येईल. मी अठ्ठ्याहत्तरचा असेन. ग्रह जागेवर आहे, फिरतोय. फक्त इथून दिसत नाही, हे मला समजतं. समजून काही भागत नाही.

काल कोंबड्यांच्या खुराड्यात पिल्लांना ऊब द्यायचा लाल दिवा सापडला. गॅरेजात दोन सूर्यांचा खेळ मांडून तो मी धरायचो, आई स्वयंपाकघरातला पिवळा धरायची, तू मध्ये उभी. पिवळा धरायला आता कुणी नाही, म्हणून लावून पाहिला नाही.

पैज तू जिंकलीस. जपून राहा, डबा वेळेवर खा.

एमिल


अरिझोना, २ नोव्हेंबर

ती. बाबांस सा. न. वि. वि.

आलेख सहकाऱ्याला दाखवला. तो म्हणाला, हा ढग आमच्यापैकी कुणी इतक्या सरळपणे लिहिला नसता. मी बाहेर जाऊन तिकीट काढलं. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी पोचते.

पिवळा दिवा मी धरीन. ग्रहाच्या जागी एखादी माजलेली कोंबडी उभी करू. इथे मी सगळ्यांना सांगत असते की पिवळ्याची सावली काळी कुळकुळीत पडायची. बरोबर ना?

कोलाची तिसऱ्या खेपेची ठेवा.

मिलाडा


नेब्रास्का, ७ नोव्हेंबर

चि. मिलाडा हिस अ. उ. आ.

साफ चूक. पिवळा अडला की तिथे लाल पोचतो. सावली लाल पडायची. लाल अडला की पिवळी. काळं फक्त दोन्ही अडतील तिथे, तुझ्या पायांपाशी, एवढंसं. वेधशाळेत शिकवतात तरी काय?

दोन्ही दिवे पुसून ठेवले आहेत. येऊन बघ.

एमिल