तिसऱ्या डब्यातलं कार्ड

सातारा,
३ सप्टेंबर २०२४

ती. आजीस,
शिवांजलीचा सा. न. वि. वि.

पोलीस भरतीची लेखी होईपर्यंत ॲकॅडमीत मोबाइल बंद. वॉर्डनबाईंनी सगळ्यांचे कपाटात घालून कुलूप लावलं. म्हणून पत्र. हसू नकोस.

एक काम आहे. माझी निळी वही फळीवर राहिली. तिच्यातल्या नोट्सची कार्डं करून पाठव. आहेराच्या साड्यांची खोकी आहेत, त्यांचा पांढरा पुठ्ठा काप. पुढं प्रश्न लिही, मागं उत्तर. माझ्याकडे तीन डबे आहेत. पहिल्यातली कार्डं रोज विचारायची. बरोबर आलं की ते कार्ड दुसऱ्यात, तीन दिवसांनी विचारायचं. परत बरोबर आलं की तिसऱ्यात, मग पंधरा दिवसांनी. चुकलं की पुन्हा पहिल्यात. म्हणजे विसरायच्या बेतात आलं की नेमकं समोर येतं.

पहाटेपासून दुपारपर्यंत मैदान, मग वर्ग. लिहायला मला वेळ नाही. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण मला लागतं.

मेंढरांइतकी नसली तरी थोडी माया माझ्यावरही असू दे.

तुझी,
शिवांजली

आटपाडी,
११ सप्टेंबर

चि. शिवांजलीस तानुबाईचे आशीर्वाद.

मेंढरांना वह्या लागत न्हाईत, म्हणून त्यांच्यावर माया जरा जास्त.

दोनशे बारा कार्डं धाडलीत. दुसरीपातूर शिकलेल्या बाईला ह्यो उद्योग. बोटाला घट्टा पडला. जिल्हे, नद्या, कलमं समदी लिवली. एवढं पाठ करून तू चोर धरणार. आमी कलमं न वाचता धरलेत.

वही पुढनं संपली तवा उलटी केली. तर मागनं बी लिवलेली. त्याची बी अकरा कार्डं केली, ती धरूनच दोनशे बारा. तू वहीतल्या नोट्स म्हणालीस. ह्या पानावरच्या लिव, त्या नगं, असं कुठं म्हणालीस?

पण त्यातली उत्तरं चुकलीत. मी दुरुस्त केली. चुकीचं पाठ करून परीक्षेला बसतेस व्हय?

आईची शेवटची साडी हिरवी लिवलीस. न्हाई. जांभळी, काठाला फाटलेली. आजीनं आईला मारलं, दोनदा, असं लिवलंस. एकदाच. दुसऱ्यांदा काठी उगारली, पर तुझा बा मल्हार मधी पडला. त्याला लागली. मेलेल्या पोराची साक्ष काढता येत न्हाई, म्हणून मीच सांगते. आणि आई मला न सांगता टाकून गेली, हे तर समदंच चूक. मल्हारच्या वर्षश्राद्धानंतर तिला कुपवाडात कामाला जायचं होतं, तुला घेऊन. मी म्हणलं, तू जा, पोरगी माझ्या ल्योकाची हाय. तुला लोकरीच्या खोलीत कोंडली. ती दुपारच्या एस्टीपातूर अंगणात बसली. तू आत वरडत हुतीस. मग दमून झोपलीस.

कोकरू सात दिस आईपासनं बांधून ठिवलं की आठव्या दिशी वरडायचं थांबतं. तू चवथ्याच दिशी थांबलीस. तवाच म्हणलं, पोरगी हुशार हाय.

कार्डं भिजू दिऊ नगंस. लोभ ठिव, न्हाई ठिवलास तरी पत्र धाड.

तानुबाई

सातारा,
१६ सप्टेंबर

ती. आजीस,

कार्डं पोचली.

मागच्या पानांवर आई होती. तिचा चेहरा पुसट व्हायला लागला, म्हणून बारावीत असताना लिहून काढली होती. तीन वर्षं दर पंधरा दिवसांनी वाचते. ‘मला न सांगता टाकून गेली’ हे मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं. ते वाक्य तूच मला सांगितलं होतंस, मी पाच वर्षांची असताना. पाठही तूच करून घेतलंस.

एवढंच सांग. ती परत कधी आली होती का? आणि आता कुठं आहे?

शिवांजली

आटपाडी,
१९ सप्टेंबर

चि. शिवांजलीस आशीर्वाद.

सा. न. वि. वि. खाल्लंस. असू दे, मी काय त्यावर जेवत न्हाई.

तुझी आई दीपमाला आली हुती. सात वर्सं, दर यात्रंला. खाऊ आणायची, फ्रॉक आणायची. मी उंबऱ्यातनंच सांगायची, पोर झोपलीय. एकदा भर दुपारी सांगितलं, आणि तू मागं परड्यात खिदळत हुतीस. ती ऐकत उभी ऱ्हायली, फ्रॉक कट्ट्यावर ठिवला आणि गेली. तो पिवळा फ्रॉक तू लय घातलास. मी आणलाय म्हणून सांगितलं हुतं.

आठव्या वर्सी ती आली न्हाई, पत्त्याची चिठ्ठी धाडली. माझ्यापाशी हाय. कुपवाडात एका कारखान्यात कामाला हाय, अजून हाय, मी चौकशी केली. पत्ता पोष्टानं धाडणार न्हाई. सोमवारी मी स्वतः येते, तुझ्या हातात दीन. घोंगडं बी आणते, साताऱ्यात थंडी लवकर पडती.

मला रडारड चालत न्हाई, ती उरकून गेटावर ये.

तानुबाई

आटपाडी,
२४ सप्टेंबर

चि. शिवांजलीस आशीर्वाद.

काल पहाटेच्या एस्टीनं निघाले. दोन गाड्या बदलल्या. अकराला तुझ्या गेटावर पोचले. गेटावरच्या माया नावाच्या बाईला म्हणलं, शिवांजलीची आजी आलीय म्हणून सांगा. ती आत जाऊन आली. खाली बघत म्हणाली, पोर झोपलीय.

अकरा वाजता. मैदानावर पोरी पळत हुत्या. लाल पट्ट्याची तू मला वळखू आलीस. पाय टाकायची तऱ्हा दीपमालाची हाय. हे तुझ्या वहीत न्हाई, लिवून घे. तू बी मला बघितलंस. थांबली न्हाईस.

मी दोन तास बसले. मायानं पाणी दिलं. घोंगडं तिच्यापाशी ठिवलंय, वापर न्हाई तर फेक. चिठ्ठी ठिवली न्हाई. हातात दीन म्हणलं हुतं, हातातच दीन.

सोबत एक कार्ड धाडलंय, दोनशे तेरावं. पुढं लिवलंय, आजी दारात आली तर काय सांगायचं. मागं तुझं उत्तर लिवलंय. बरोबर हाय, एका शब्दाचा फरक न्हाई. पत्रात एकदाच वाचून एवढं चोख आलेलं कार्ड दुसऱ्या डब्यात कशाला, सरळ तिसऱ्यात घाल.

पंधरा दिसांनी येते परत विचारायला.

तानुबाई