ईस्टरसाठी घातलेली बरणी

माय, गेल्या आठवड्यापासून माझं कशात लक्ष लागत नाही, म्हणून तुला लिहायला बसले. आपल्या शेजारची मावशी, जी हल्ली अहमदपूरला मुलाकडे असते, ती डोळे दाखवायला नांदेडला आली होती. दोन दिवस माझ्याकडे राहिली. जाता जाता तुझ्याबद्दल असं काही बोलली की मला तिथंच तोंड उघडायला हवं होतं. पण आधी त्या बरणीचं सांगते, कारण त्यातली एक गोष्ट तुला शेवटपर्यंत कळली नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या, साहेब लोक नवे, आणि त्यांच्या मुलांनी भरलेली आमची कॉन्व्हेंट शाळाही तशी नवीच. तू तिथल्या सिस्टरांच्या स्वयंपाकघरात होतीस, म्हणून मला तिथं घेतलं होतं. दर वर्षी ईस्टरसाठी मोठ्या सिस्टर तुझ्याकडून द्राक्षांची वाइन घालून घ्यायच्या. त्या केरळच्या, आणि कृती त्यांच्या आईची. बाजार उठताना घडांवरून गळालेले सुटे मणी अगदी स्वस्तात मिळायचे, ते तू पाटीभर आणायचीस. मणी चुरडायचे, त्यावर साखर, मूठभर गहू, दालचिनी, लवंग, चिमूटभर यीस्ट, आणि तोंडाला फडकं, त्यावर झाकण नुसतं टेकवलेलं. रोज एकदा लाकडी डावानं हलवायचं. त्यात पाणी लागत नव्हतं, म्हणून तर ज्या वर्षाचं सांगते, त्या वर्षीच्या दुष्काळातही ते जमलं. मणी धुवायलाही पाणी नव्हतं, ओल्या फडक्यानं एकेक पुसलेला मला आठवतो. तू पंचशील पाळणारी. तू त्यातला थेंब कधी जिभेवर ठेवला नाहीस. बरणीला कान लावायचीस आणि म्हणायचीस, “बोलून राहिलीय अजून. गप झाली की गाळायची.”

त्या वर्षी टँकर येईल तेव्हा भरून ठेवायला कॉन्व्हेंटच्या कोठीत पिंपं लावली, आणि बरणीला गार जागा उरली नाही. सिस्टर म्हणाल्या, “तुमच्या घरी ठेवा, फक्त तीन आठवडे.” तुला नाही म्हणता आलं नाही. माझी शाळा त्यांच्या हातात होती. गोणपाटात गुंडाळून ती बरणी तू कडेवर मूल घ्यावं तशी घरी आणलीस आणि बाजेखाली सरकवलीस. आणि आपल्या घरात, माय! गल्लीतल्या बायांचं मंडळ तूच उभं केलं होतंस. घरोघरी जाऊन दारूची मडकी फोडणारी तू. मावशीची गुळाची हातभट्टीसुद्धा तूच बंद केलीस, नंतर तीच तुझ्या उजव्या हाताला उभी राहायला लागली.

गल्लीत वाटी-तांब्यासुद्धा पाण्यानं भरलेला, अशा दिवसांत एवढी मोठी बरणी लपते कुठं? मावशी दारातून डोकावते.

“काय वं, बरणी रिकामी हाय का? दे की दोन दिस पाण्याला.”

“लोणचं हाय त्यात.”

“कशाचं? औंदा कैऱ्या कुठं धरल्यात?”

“द्राक्षाचं.”

“द्राक्षाचं लोणचं! बया, बया! कुणी खातं का?”

“कान्व्हेंटात खातात. त्यांना गोडच लागतंय सगळं.”

मावशी हसत हसत जाते, आणि तू पदरानं मानेचा घाम पुसतेस. मला म्हणतेस, “त्यांच्या देवाची हाय ती. आपल्याला पाप न्हाई. पण तोंड बंद ठेव.”

मी तोंड बंद ठेवलं, माय. नको तितकं बंद ठेवलं.

त्यातल्या एका रविवारी वंदनेनंतर मंडळाची बैठक आपल्या घरी ठरली होती. तू टँकरच्या रांगेत होतीस. घरभर तो आंबूस गोड वास, आणि तासाभरात दहा-बारा बाया येणार. मी फडकं काढलं, झाकण दाबून बसवलं, कडेनं कणीक लिंपली, वरून सुतळीनं आवळून बांधलं आणि त्यावर गोधडी टाकली. वास खरंच गेला. मला स्वतःचं कौतुक वाटलं. तू आलीस, बाया आल्या, वंदना झाली. पुढच्या खेपेला कुणाच्या घरची मडकी फोडायची यावर बोलणं चाललं होतं. बाजेखाली गोळी सुटावी तसा आवाज झाला. झाकण भिंतीवर आदळून फुटलं, आणि लालसर फेस मावशीच्या पायापर्यंत वाहत आला.

मावशीनं बोट बुडवून वास घेतला. “लोणचं व्हय हे?” ती म्हणाली. “माझी भट्टी फोडलीस, मी तुझ्या मागं आले. आन् तू घरात गाळून राहिलीस?”

तुझ्याकडं उत्तर होतं. सिस्टरांचं नाव घेतलं असतंस तर सुटली असतीस. पण गल्लीतून ते शाळेत गेलं असतं, आणि शाळेनं मला ठेवलं असतं का, हा विचार तू एका क्षणात केलास. मी तुझा चेहरा बघत होते. तू म्हणालीस, “माझंच हाय. मीच घातलंय.” मग बरणी उचलून दारात उपडी केलीस. भेगाळलेल्या जमिनीनं सगळी वाइन बघता बघता पिऊन टाकली. तेवढ्यात मी सुतळी आणि कणकेचे तुकडे गोधडीत गुंडाळून लपवले.

सिस्टरांना तू सांगितलंस की तुझ्याच हातून सांडलं. तुझी नोकरी राहिली, माझी शाळा राहिली. मंडळात मात्र तू परत पुढं उभी राहिली नाहीस. बाया गेल्या की तू दार लावून घ्यायचीस. कित्येकदा म्हणायचीस, “काठोकाठ भरली मी, तिथंच चुकलं.” पुढच्या वर्षी विज्ञानाच्या तासाला शिकवलं की आंबताना वायू तयार होतो आणि त्याला बाहेर पडायला वाट ठेवावी लागते. मी वहीत मान घालून बसले. झाकण मीच घट्ट बांधलं होतं, हे घरी येऊन सांगेन म्हटलं. तेव्हा नाही सांगितलं, तू शेवटी अंथरुणाला खिळलीस तेव्हाही नाही.

गेल्या आठवड्यात मावशी माझ्या सुनेला सांगत होती, “हिची माय लई गुणाची. एकच डाग बघ, घरात चोरून दारू करायची.” सुनेनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, “मावशी, तुला चहात साखर चालते ना?”

मावशी ऐंशीच्या पुढं गेली आहे. त्या बैठकीतल्या बायांमधली एवढी एकच उरली. दर फोनच्या आवाजाला मला वाटतं, अहमदपूरहून ती गेल्याचा निरोप असेल. तुला पत्र पाठवायला पत्ता नाही, असं मनाशी म्हणत मी हे लिहायला घेतलं होतं. पण हे पत्र खरं तर तिला जायला हवं, माय, आणि तिचा पत्ता समोरच्या वहीत आहे. मी वही मिटून ठेवली आहे.