हात मांडीखाली

बाई,

आपल्या शाळेत मुलांना हातांनी बोलायला शिकवण्यासाठी सरकारनं एक पद मंजूर केलं आहे आणि ते यंदा मला मिळालं आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही बातमी आधी तुम्हालाच सांगावी असं वाटलं. तुम्ही असता तर सांगायची हिंमतच झाली नसती, असंही वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटतं ते मला कळत नाही, म्हणून लिहायला बसले.

आरमोरीकडच्या खेड्यातून बाबा मला गडचिरोलीला घेऊन आले, तेव्हा मला ऐकू येत नाही एवढंच घरच्यांना माहीत होतं. त्याचं काय करायचं ते माहीत नव्हतं. शाळेच्या वसतिगृहात मला सोडून बाबा निघून गेले आणि मी दार धरून रडत राहिले. तुम्ही मला समोर बसवलंत, माझा पंजा उचलून तुमच्या गळ्यावर ठेवलात. गळा आतून थरथरला. मग तोच हात माझ्या गळ्यावर. माझ्या ओठांसमोर तुम्ही कागदाची पट्टी धरायच्या आणि 'प' म्हटल्यावर ती हलेपर्यंत सोडायच्या नाहीत. दिवाळीच्या सुटीत मी घरी गेले, तेव्हा आई माझ्याकडे पाठ करून चुलीपुढे बसली होती. मी मागून म्हटलं, "आई." ती वळली. पाठमोरं माणूस आपल्यामुळे वळतं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. ती तशीच पिठाच्या हातानं अंगणात धावली आणि शेजारणीला सांगू लागली. तिचे ओठ मला अजून दिसतात: "इनं मले हाक मारली." बाई, तो दिवस तुमचा आहे. तो मी कुणाला देणार नाही.

पण वसतिगृहात आम्हा मुलींची आपली एक बोली होती. भाताची खूण, भांडणाची खूण, तुमची खूण म्हणजे डोळ्यांवर चष्मा. एकदा आम्ही स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसलो होतो आणि माझी मैत्रीण तिच्या गावात मोहाच्या झाडाखाली आलेल्या अस्वलाची गोष्ट हातांनी सांगत होती. आम्ही हसून हसून वाकड्या झालो होतो. तुम्ही दारात आलात आणि म्हणालात, "हात मांडीखाली." सगळ्यांनी हात मांडीखाली घेतले. अस्वलाचं पुढं काय झालं, ते राहूनच गेलं. नंतर तुम्ही मला एकटीला समजावलंत की हात बोलायला लागले की जीभ आळशी होते. तेव्हा मला ते पटलं होतं.

दरवर्षी तपासणीला साहेब यायचे. त्यांच्या अहवालावर शाळेचं अनुदान ठरायचं, आणि ते अडकलं की तुम्ही सगळ्या बिनपगारी राबायच्या, हे स्वयंपाकीणबाईंच्या चेहऱ्यावरूनसुद्धा आम्हाला कळायचं. साहेब एखाद्या मुलीला उभं करून नाव विचारत, गाव विचारत. पुढं कायम मलाच केलं जायचं. मी तोंडानं उत्तर द्यायची, साहेब तुमच्याकडे वळून काहीतरी म्हणायचे. त्यांचे ओठ मला दिसायचे नाहीत, तुमचा चेहरा दिसायचा, आणि तो सैल पडलेला असायचा. आता वाटतं, आमचे हात तुम्ही नक्की कशासाठी बांधले? जिभेसाठी, की अनुदानासाठी? की तुम्हालाही ते दोन वेगळं करता येत नव्हतं?

सुटीआधी तपासणीला मॅडम आल्या. मुलांनी हातांनी बोलून दाखवावं, असं त्या म्हणाल्या. मुलं बोलली, मॅडम खूश झाल्या, मोबाइलवर व्हिडिओ काढला. त्या गेल्यावर मुख्याध्यापक मला म्हणाले, "आता अनुदानाची चिंता नाई." खोली तीच आणि खुर्ची तीच होती. मला हसू आलं, आणि मग उगाच भीती वाटली.

भामरागडकडची एक लहान मुलगी आहे आमच्याकडे. सुटी लागली तेव्हा तिची आई तिला न्यायला आली. घरची बोली माडिया, मराठी मोडकी, आणि मी तिचे ओठ वाचायला अडखळत होते. तिनं दोनदा विचारलं, "बाई, इले बोलता येईन का?" मी हातांच्या भाषेबद्दल सांगायला लागले. तेवढ्यात मुलीनं नाकपुडीला बोट टेकवलं. ही खूण ती वसतिगृहात रोज करायची. ती आम्ही शिकवलेली नव्हती, घरूनच घेऊन आली होती. आईच्या नाकात फुली होती.

"हे काय करते ही?" आईनं विचारलं.

"तुमचं नाव घेते," मी म्हटलं.

तिनं आपल्या फुलीला हात लावला. मग म्हणाली, "अन् तोंडानं?"

तुम्ही केलं असतं तेच मी केलं. मुलीचा पंजा तिच्या आईच्या गळ्यावर ठेवला. त्यांच्यात आईला 'यायो' म्हणतात, ते आईला म्हणायला सांगितलं. गळा थरथरला तशी मुलगी हसली आणि हात काढीना. आई पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मुलीनं तोंडानं काही म्हटलं नाही. तिनं पुन्हा नाकाला बोट लावलं. फाटकाशी आई म्हणाली, "पुढच्या बारीनं बोलन ना?" मी मान हलवली. त्यातून तिला काय कळलं असेल, देव जाणे.

माझ्या आईला कुणी हात शिकवले असते तर? आम्ही जन्मभर बोललो, पण जेवलीस का, कधी येशील, अंगात ताप आहे का, एवढंच. तिच्या मनात काय चालायचं ते मला कधी कळलं नाही. आणि तरी ती एक हाक. ती नसती तर बरं झालं असतं, असं म्हणायला माझं मन धजत नाही. सुटीनंतर ती मुलगी परत येईल, मला तिला शिकवायचं आहे, आणि फक्त हात शिकवू की तोंडही, हे मला ठरवता येत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकते. आई गेल्यापासून शाळेबाहेर मी तोंडानं फारसं बोलत नाही. आलापल्लीच्या बसमध्ये कंडक्टरला गावाचं नाव पुन्हा पुन्हा सांगूनही कळलं नाही, तेव्हापासून मी मोबाइलवर लिहून दाखवते. शाळेत कुणाला हे माहीत नाही. तुम्ही म्हणायच्या, तुझं बोलणं अगदी स्वच्छ आहे. ते खरं होतं का, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही.