बाईंचं रोज घरी राहणारं डस्टर

बाई, तुमचं डस्टर रोज घरी राहायचं. खडू तुम्ही आठवणीनं आणायच्या, हजेरीबुक आणायच्या, पण डस्टर म्हणाल तर नेमकं तिकडंच. "जा गं, स्वयंपाकघरात फळीवर राहिलंय बघ," असं म्हणायच्या आणि आमच्यातलं कुणीतरी शाळेमागच्या तुमच्या खोलीकडं पळायचं. अजिंठ्याच्या अलीकडचं आपलं गाव. अख्ख्या गावात तुमचं नाव विसरभोळ्या बाई. माझी आई तर हसायची, म्हणायची, "एवढं शिकून काय उपयोग, रोजचं डस्टर ध्यानात राहत नाय!"

घंटेच्या आधी तुम्ही दारात स्टूल टाकून बसायच्या आणि आमची नखं बघायच्या. एकेकाला जवळ ओढायच्या, हात उलटसुलट करायच्या आणि तेवढ्यात कानाशी वाकून विचारायच्या, "काय खाल्लं?" आम्हीपण तुमच्या कानातच सांगायचं. भाकर. चहा-बटर. आणि कुणी म्हणायचं, काय नाय. मग पहिल्या तासाला तुम्हाला डस्टर आठवायचं, आणि ते आणायला 'काय नाय'वालंच पोरगं जायचं. फळीवर डस्टरशेजारी एक ताटली झाकलेली असायची. अर्धी भाकर आणि शेंगदाण्याची चटणी. खा म्हणून कुणी सांगितलेलं नसायचं, नको म्हणूनही नाही. माझी आई तेव्हा सारखी आजारी, आमची चूल कधी पेटायची कधी नाही, म्हणून तुमच्या त्या फळीचा रंगसुद्धा मला अजून आठवतो. हिरवा होता, कडेला उडालेला.

एकदा मी डस्टर घेऊन परत आले आणि भर वर्गात म्हणाले, "बाई, आज चटणी लई झोंबली!" पोरं खो खो हसली. तुम्ही हसला नाहीत. मधल्या सुट्टीत मला स्वयंपाकघरात नेलंत आणि दंडाला धरून म्हणालात, "स्वयंपाकघरातलं स्वयंपाकघरात ठेवावं, पोरी. चारचौघांत पुन्हा बोललीस तर याद राख." मी मुळूमुळू रडले. चटणीला नावं ठेवली म्हणून तुम्ही चिडलात, असं मी किती वर्षं धरून चालले होते. मी कॉलेजला इथं शहरात असताना तुम्ही गेलात, आणि मला ते कळलं महिन्यानं, एस.टी.त भेटलेल्या गावच्या एका माणसाकडून. विचारायचं राहूनच गेलं.

आता मी काय करते ते सांगते. आम्ही चौघं मिळून मुलांसाठी एक छोटी संस्था चालवतो. छोटी म्हणजे किती, तर स्वतःचं ऑफिसपण नाही. जालना रोडला, चिकलठाण्याच्या अंगाला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दहा जणांची दहा कामं एकाच हॉलमध्ये चालतात, त्यात एक टेबल आमचं. शेजारी कॉम्प्युटरवाली पोरं, पलीकडं एक टूरवाले. कुणाला त्रास नको म्हणून सगळे हळू बोलतात, आणि फोन आला की काचेच्या एका खोक्यात जाऊन उभं राहायचं. तुम्ही बघितलं असतं तर म्हणाला असतात, ही काय कबुतराची ढाबळ हाय व्हय! पण मालक भला माणूस आहे. शनिवारी दुपारी मोठी खोली आम्हाला फुकट देतो. मागच्या बाजूला मोठमोठ्या बिल्डिंगा उठतायत, तिथल्या मजुरांची पोरं आम्ही त्या खोलीत आणतो, गोष्टी सांगतो, वाचायला शिकवतो.

तर मध्यंतरी देणगीदार पाहुणे येणार होते. त्यांच्याशी आधी बोलताना मी तुमची गोष्ट सांगितली. बोलायची हौस मला, तुम्हाला माहीतच आहे. आमच्या बाई रोज विचारायच्या काय खाल्लं, असं मी रंगवून सांगितलं आणि पाहुण्यांचे डोळे भरून आले. झालं! आमच्यातल्या धाकट्या सहकारी मुलीनं उत्साहानं एक रंगीत फळा केला: चपाती, भात, बिस्किट, काहीच नाही. मुलांनी हात वर करून सांगायचं. मला तो आवडला, बाई. मीच म्हणाले, छान झालंय.

शनिवारी पाहुणे आले, हॉलमधली बाकीची मंडळीही कौतुकानं दाराशी उभी राहिली. दुसरीतली एक पोर आहे, दोन वेण्या, सगळ्यांत आधी धडा वाचून संपवणारी. तिचा नंबर आला तशी ती फळ्याकडं बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "काय नाय." एका पाहुण्या बाईंनी पर्समधून बिस्किटाचा पुडा काढून तिच्या हातात दिला. कुणीतरी फोटो काढला. टाळ्यासुद्धा वाजल्या. आणि तिची आई त्या दिवशी तिला सोडायला वर आली होती, ती खोलीच्या काचेपलीकडं चपला हातात धरून उभी होती.

पुढच्या शनिवारी पोर आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग मी त्यांच्या पत्र्याच्या खोलीवर गेले. आईनं आधी चहा टाकला, घेतल्याबिगर बोलू दिलं नाही. मग म्हणाली, "ताई, त्या दिशी सकाळी तिनं रातची खिचडी खाल्ली व्हती. पोटभर. शिळं खाल्लं हे सायबलोकांम्होरं कसं सांगावं म्हणून लाजली ती. आन् तुम्ही माझी पोर उपाशी हाय म्हणून साऱ्या जगाला दावली." मी माफी मागितली, हात जोडले. बाईंचा असा रिवाज होता, तसा होता, असंही काहीबाही बोलले. तिनं ऐकून घेतलं. "तुमचं मन चांगलं हाय, ताई. पण पोर न्हाई धाडायची आता." पोर कोपऱ्यात बसून आमच्याकडूनच नेलेलं पुस्तक वाचत होती. तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

तिथून परत येताना मला तुमचा दंडावरचा हात आठवला. चटणीचा तो राग नव्हता, हे मला इतक्या उशिरा कळावं! बाई, मी तुमचा प्रश्न तेवढा उचलला, तुमचं विसरणं नाही उचललं. दिवसभर त्या ऑफिसात आम्ही कुजबुजतो, आणि जिथं कानात बोलायचं होतं तिथं पाहुणे गोळा करून बोललो. फार वाईट वाटतं.

तो फळा मी काढून टाकला. आता दारात मीच बसते, नखं बघते, कानात विचारते. खाऊचा डबा आतल्या खोलीत ठेवते आणि तिथं काहीतरी विसरते. पोरं हसतात, ताई लई विसरभोळी म्हणतात. पण जिच्यासाठी हे शिकले ती पोर येत नाही. परवा गेले तर त्या बिल्डिंगचं काम संपलेलं, पत्रे उचललेले, माणसं कुठल्या गावच्या कामावर गेली ते वॉचमनलाही ठाऊक नाही.

हे मी त्या काचेच्या खोक्यात बसून लिहितेय. तुमची ती खोली कधीच पाडली, शाळा नवी झाली, तेव्हा धाडायचं तरी कुठं. थोड्या वेळानं पोरं येतील आणि मी एकेकाच्या कानाशी वाकेन. मला विचारणारं मात्र आता कुणी नाही, म्हणून न विचारताच सांगते. ती पोर यायची थांबल्यापासून शनिवारी सकाळी मी ताट वाढून घेते आणि तसंच झाकून ठेवते. बाई, आज मी काय नाय खाल्लं.